‘तिखट नको’ म्हणजे नेमकं काय नको?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चीनमधल्या सिचुआन प्रांतात, चेंगडू शहरात तीन वर्षं राहणाऱ्या एका ताईंकडे दिवाळीनंतर पाहुणे येणार आहेत. वेंगुर्ल्याहून सासूसासरे, पुण्याहून नणंद, तिचे यजमान आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. ताईंना आणि त्यांच्या नवऱ्याला सिचुआन जेवणाचं वेड आहे. सासऱ्यांना मात्र पित्ताचा त्रास, सासूबाईंना हल्ली तिखट झेपत नाही आणि मुलीला मिरी दिसली तरी रडू येतं. नणदेचे यजमान शाकाहारी (अंडं चालतं) आणि ‘शेजवान तर आम्ही दर शनिवारी खातो’ या भरवशावर. मागे ताईंचे आईवडील आले होते, तेव्हा त्यांनी आठ पदार्थ निवडून प्रत्येकापुढे ‘तिखट नको’ असं सांगितलं. आठही पदार्थ एकाच चवीचे आले. वडील म्हणाले, ‘बाळंतिणीचं जेवण बरं.’ यावेळी नवऱ्याचा तिथलाच एक सहकारी सपत्नीक जेवायला येणार आहे, त्यामुळे त्याच्यासमोर सगळं मुळमुळीत मागवायची लाज वाटते. नवरा म्हणतो हॉटपॉटला (टेबलावरच उकळत्या रश्शात एकेक जिन्नस शिजवून खायला) जाऊ, नाहीतर सरळ पिझ्झा. ताई विचारतात, ‘पाहुण्यांच्या पोटाचं बघू की सिचुआनच्या मानाचं?’

---

ताई,

मागच्या वेळी चूक तुमच्या आईवडिलांच्या जिभेची नव्हती आणि आचाऱ्याचीही नव्हती. तुम्ही तुमच्या आवडीचे आठ पदार्थ मागवलेत आणि मग एकेकाचा जीव काढून घ्यायला सांगितलंत. ते बिचारे निमूटपणे तसेच टेबलावर आले.

कोल्हापुरात कोणी तांबडा रस्सा मागवून ‘यात मिरची घालू नका’ असं सांगत नाही. ज्याला झेपत नाही तो पांढऱ्या रश्शाची वाटी पुढे ओढतो. आणि पांढरा रस्सा म्हणजे मिरची वगळलेला तांबडा नव्हे. तो नारळाच्या दुधाचा, खसखशीचा, स्वतःच्या घराण्याचा पदार्थ आहे. सिचुआनमध्येही हेच करायचं. तिखट पदार्थातून तिखट वजा करायचं नाही, मुळात तिखट नसलेला पदार्थ शोधायचा.

मापो तोफूचंच बघा, म्हणजे लाल रश्शातलं सोयाबीनचं पनीर. त्यातलं तिखट वरून भुरभुरलेलं नसतं. ते येतं चेंगडूजवळच्या पीश्येनच्या दोउबानमधून. हे म्हणजे बाकल्याचे दाणे, मिरच्या आणि मीठ महिनोन् महिने आंबवून केलेलं लालभडक वाटण. पदार्थाचा खारटपणा, रंग, खोली सगळं त्याच एका चमच्यात असतं. तो काढलात की वाटीत उरतो गरम पाण्यातला तोफू. लोणच्यातला खार गाळून नुसत्या फोडी वाढल्यासारखंच ते.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल. ‘सिचुआनचा मान’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे फक्त लाल तेल आहे. तिथले जाणकार आचारी साधारण २४ मिश्र चवी मोजतात. बधिर करणारी तिखट ‘माला’ ही त्यातली एक. आल्याच्या रसाची चव, आंबटगोड, तिळाच्या वाटणाची, चहाच्या धुराची, पाच मसाल्यांची, नुसत्या मिठाची आणि साराच्या गोडव्याची, याही त्याच यादीत बसतात आणि त्यांचा मिरचीशी संबंध नसतो. असणार कसा? चीनमध्ये मिरचीचा पहिला लेखी उल्लेख १५९१ सालचा. तोही बघायला सुंदर असं लाल फळ म्हणून, फुलझाडांच्या प्रकरणात. सिचुआनच्या रोजच्या स्वयंपाकात ती रुळली ती एकोणिसाव्या शतकात. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात उतरली. दोघींचं माहेर एकच, अमेरिका. पण चौथ्या शतकात छांग छू याने लिहिलेल्या त्या प्रांताच्या इतिहासात म्हटलंय की इथल्या लोकांना चवीचं कौतुक फार, आणि त्यांना तीव्र, सुगंधी पदार्थ आवडतात. त्या काळी ही तीव्रता आल्याची आणि ह्वाज्यावची, म्हणजे जीभ बधिर करणाऱ्या सिचुआनी मिरीची होती. तेव्हा तुमच्या सासऱ्यांच्या पानात आल्याच्या रसातल्या शेंगा वाढल्यात, तर सिचुआनचा मान कमी होत नाही. उलट तुम्ही मिरचीच्या आधीचं सिचुआन वाढताय.

दुसरं गृहीत असं की ‘तिखट नको’ म्हणणाऱ्या सगळ्यांना एकच गोष्ट नको असते. तुमच्याच पाहुण्यांत चार निरनिराळी माणसं आहेत. पित्तवाल्या सासऱ्यांना मिरचीइतकंच तेल आणि उशिराचं जेवण बाधत असेल. (डॉक्टरांचं पथ्य असेल तर ते आधी, माझं नंतर.) मुलीला मिरचीच नको, पण गोड, आंबट, कुरकुरीत काहीही चालेल. सासूबाईंना पूर्वी चालत असे, आता झेपत नाही, म्हणजे त्यांना चवीची भूक आहे आणि तिच्यावर पथ्याचं झाकण ठेवलं की त्याच सगळ्यात आधी कंटाळतील. आणि जावईबापू! त्यांना आधीच सांगून ठेवा की गाडीवरच्या शेजवानचं आणि चेंगडूचं नातं फक्त नावापुरतं. आपली शेजवान चटणी म्हणजे लाल मिरच्या, आलं, ठेचलेला लसूण आणि भरपूर तेल. तिच्यात ह्वाज्याव नसते, त्यामुळे जीभ भाजते पण बधिर होत नाही. पहिल्यांदा ओठ थरथरायला लागले की माणसाला वाटतं, आपल्याला कसली तरी ॲलर्जी झाली. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ती थरथर मोजली होती. सेकंदाला ५० कंपनांच्या आसपास, म्हणजे आपल्या घरातल्या विजेइतकीच. जावईबापूंना आधी ठाऊक असेल तर ते घाबरण्याऐवजी हसतील.

फोनवर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, ‘काय खाल्लं की दुसऱ्या दिवशी त्रास होतो?’ ‘तिखट चालतं का?’ असं विचारलंत तर मराठी माणूस पाहुणा म्हणून ‘चालतं हो’ असंच म्हणणार.

आता मेन्यूवरच्या नावांकडे या, कारण खरा घात तिथे होतो. मी चेंगडूत नवीन असताना मुंबईची दोन माणसं जेवायला आली होती. मेन्यूत मला ‘श्वेइचू यू’ दिसलं. शब्दशः अर्थ ‘पाण्यात उकडलेला मासा’. म्हटलं, यापेक्षा सौम्य काय असणार! आलं ते परातीएवढं भांडं. वर सुक्या मिरच्यांचा आणि ह्वाज्यावचा थर, त्यावर नुकतंच ओतलेलं कडकडीत तेल, ते अजून चरचरत होतं. मासा खाली कुठेतरी बुडालेला. पाहुणे माझ्याकडे बघत होते आणि मी वेटरकडे. वेटरला मात्र यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं.

त्याच मेन्यूत, बरंच खाली, ‘खायश्वेइ पायत्साय’ होतं. अर्थ ‘उकळत्या पाण्यातला कोबी’. नाव वाचून मी ते सोडून दिलं, आणि नंतर कळलं की सिचुआनच्या मेजवान्यांतलं ते एक रत्न आहे. कोंबडी, बदक, हॅम तासन् तास उकळून सार करायचं, मग त्यात मांसाचा खिमा फिरवून सगळा गढूळपणा शोषून घ्यायचा, इतका की वाटीत खरोखर पाणीच आहे असं वाटावं. त्यात चिनी कोबीचा कोवळा गाभा. एका पाण्यात आग, दुसऱ्या पाण्यात नवस करून मिळावी अशी चव. तुमच्या सासऱ्यांसाठी हेच मागवा. पण ते साध्या खाणावळीत मिळत नाही. मोठ्या रेस्टॉरंटात आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आणि स्वस्तही नसतं. जावईबापूंना ‘कोबीच आहे’ म्हणून वाढू नका.

नावांचा गोंधळ उलट्या बाजूनेही होतो. ‘यूश्यांग’ म्हणजे माशाच्या वासाचं, पण त्यात मासा नसतो. आलं, लसूण, साखर, व्हिनेगर आणि लोणच्यातली मिरची यांची ती चव, मासा शिजवायच्या पद्धतीवरून नाव पडलेलं. यूश्यांग वांगी हा मराठी माणसाला चटकन आवडणारा पदार्थ आहे. आंबटगोड, मऊ, थोडासाच तिखट. त्यात बऱ्याचदा खिमा टाकतात, तेवढा नको म्हणा.

आणि ‘वेई ला’ या दोन शब्दांवर विसंबू नका. अर्थ ‘किंचित तिखट’, पण किंचित कोणाच्या मापाने? चेंगडूतल्या आचाऱ्याचं किंचित म्हणजे आपल्याकडच्या मिसळवाल्याचं ‘मीडियम’.

तुम्ही नऊ जण आहात. मी मागवलं असतं ते असं. सुरुवातीच्या गार पदार्थांत आल्याच्या रसातल्या चवळीच्या शेंगा, आणि ज्यावमा कोंबडी. ही दुसरी हिरव्यागार वाटणातली असते, कांद्याची पात आणि ह्वाज्याव एकत्र वाटून केलेली. मिरची नाही, नुसती सुगंधी थरथर. सासूबाईंच्या समोर ठेवायची ती हीच, कारण शेवटी सांगते. मग चहाच्या पानांच्या आणि कापराच्या लाकडाच्या धुरात मुरवलेलं बदक, वाफवून तळलेलं. मुलीसाठी टोमॅटो-अंडं आणि कुओबा. कुओबा म्हणजे भाताची खरपुडी. तळून आणतात आणि टेबलावर तिच्यावर गरम रस ओततात, तेव्हा ती जी चर्रर्र करते त्यातच अर्धी करमणूक होते. बहुतेक ठिकाणी रसात डुकराचं मांस असतं. चालत नसेल तर कोलंबी घालून देता का विचारा. आंबटगोड रसातला अख्खा तळलेला मासा दिमाखदार दिसतो, पण तो नदीचा असतो आणि काटे बारीक. वेंगुर्लेकर नदीच्या माशाला काय म्हणतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तेव्हा तो धोका तुमचा तुम्ही पत्करा. लसणावर परतलेले वाटाण्याचे कोवळे शेंडे हवेतच. तुमचे पाहुणे येतील तेव्हा त्यांचा हंगाम नुकता सुरू झालेला असेल. वर लिहिलेली वांगी. एक साधं सूप.

आणि गोंगबाओ कोंबडी. हिच्यात सुक्या मिरच्या दिसतात म्हणून लोक दचकतात. त्या तेलाला वास देण्यापुरत्या असतात, आपल्या फोडणीतल्या मिरचीसारख्या, त्या खायच्या नसतात. मूळ चव आंबटगोड, आचारी तिला लिचीची चव म्हणतात, आणि लिची त्यात नसतेच. नाव सिचुआनचे सुभेदार तिंग पाओचन यांच्या पदवीवरून आलं, ते १८८६ मध्ये वारले. परक्या मुलखातल्या पाहुण्याला हा बरा पूल आहे.

एक लाल पदार्थही मागवा, मुद्दाम. मापो तोफूच असू द्या. मात्र तो पारंपरिक पद्धतीत गोमांसाच्या खिम्याने करतात, म्हणून ‘गोमांस नको’ हे ठामपणे सांगा. तो फिरत्या चकतीवर ठेवायचा, कोणालाही वाढायचा नाही. ज्याला वाटेल तो अर्धा चमचा भातावर घेईल. माझा अनुभव असा की आग्रह न केलेला लाल पदार्थ सासूबाईवर्गातली माणसं हळूच चाखून बघतात.

भाताचं आधी सांगा. तिथे भात शेवटी आणायची पद्धत आहे आणि आपली माणसं भाताशिवाय चाचपडत बसतात. तिखट लागलं तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, मिरचीचा दाह तेलात विरघळणारा, पाण्यात नाही. भात, सोयाबीनचं दूध, नाहीतर गार पिंगफन द्या. ही थरथरती पारदर्शक जेली असते, वर गुळाचा पाक, दाणे, तीळ.

शाकाहारी जावयाबाबत मात्र मी जरा काळजीत आहे. सिचुआनमध्ये हिरव्या भाज्याही कित्येकदा डुकराच्या चरबीत परततात, सूप कोंबडीचं असतं, आणि उकडीच्या गोळ्यांतल्या काळ्या तिळाच्या सारणातही चरबी असते. मोदकासारखे दिसतात म्हणून त्यांच्या पानात वाढाल! ‘भाजी’ मागवून काम होत नाही. ‘मांस नाही, प्राण्यांची चरबी नाही, मांसाचं सार नाही, अंडं चालेल’ हे चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि ते वेटरला नव्हे, शक्य असेल तर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवा. शिवाय एका दुपारी सगळ्यांनाच वनशू मठातल्या शाकाहारी रेस्टॉरंटात न्या. बौद्ध मठाच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे नणदेच्या यजमानांना निदान एकदा तरी निर्धास्त जेवता येईल. एरवी त्यांना प्रत्येक घासाला प्रश्न विचारावा लागेल, आणि असं माणूस दोन दिवसांत दमतं.

हॉटपॉटला पहिल्या संध्याकाळी नको. तुमच्या यजमानांच्या डोक्यात दोन कप्प्यांचं भांडं असणार, एकीकडे लाल रस्सा, दुसरीकडे पांढरा. त्याला ‘युआनयांग’ म्हणतात, जोडीनं राहणाऱ्या बदकांवरून. मला ते नेहमी आपल्या चक्रवाकाचं भांडं वाटतं, जोडी आहे पण मधे भिंत. ती भिंत फार उपयोगाची नसते. लाल बाजू उसळून पांढरीत उडते, चॉपस्टिक्स इकडच्या तिकडे फिरतात. लाल रश्शात गाईची चरबी असते आणि पांढरा बहुधा हाडांचा. तुमच्या घरात हे दोन्ही प्रश्न आहेत. आठवड्याच्या शेवटी, सगळे सरावल्यावर, मशरूमच्या किंवा टोमॅटोच्या सारावर तुम्हा दोघांनी त्यांना न्यायला हरकत नाही. पिझ्झाला मात्र नेऊ नका. तो पुण्यात मिळतो.

राहिला तो सहकारी आणि तुमची लाज. तुम्ही तीन वर्षं तिथे आहात, तर वेटर वही उघडताना काय विचारतो हे ऐकलंच असेल: ‘जीखोउ’ काही आहे का? म्हणजे वर्ज्य काय, पथ्य काय. हा प्रश्न परदेशी म्हणून तुम्हाला विचारत नाहीत, सगळ्यांनाच विचारतात. चेंगडूतल्या घरांत मी जेवले आहे. आजीआजोबा आणि नातवंडं असलेल्या टेबलावर एक-दोन लाल पदार्थ असतात आणि बाकी वाफवलेलं अंडं, परतलेली पालेभाजी, मुळ्याचं सूप. पाहुण्याच्या पोटाचा विचार न करणारा यजमान तिथे हिणकस ठरतो, सौम्य मागवणारा नव्हे. सहकाऱ्याच्या बायकोला दोन दिवस आधी फोन करा, पाहुण्यांची पथ्यं सांगा आणि म्हणा की गार पदार्थ तुम्ही निवडा. तिला मान मिळेल आणि तुम्हाला माहीत नसलेले दोन पदार्थ कळतील. फक्त बिल कोण देणार हे आधी तुमच्या नवऱ्याने गुपचूप उरकून ठेवावं. नाहीतर काउंटरपाशी दोन पुरुष एकमेकांचे हात धरून उभे राहतील आणि सासरे समजतील की भांडण झालं.

साडेपाच-सहाला पोहोचा. गर्दी नसते, स्वयंपाकघर तुमचं ऐकून घेतं, सासऱ्यांचं जेवण वेळेत होतं.

आता सासूबाईंसमोर ज्यावमा कोंबडी का ठेवायची ते. ह्वाज्याव त्यांना परकी नाही. बांगड्याच्या कालवणात त्या जी तिरफळं टाकतात, त्यांचीच ही चुलत बहीण, एकाच कुळातली. वासात फरक आहे. तिरफळाचा वास रानटी आणि ओलसर, ह्वाज्यावचा संत्र्याच्या सालीसारखा. पण जिभेवर उठणाऱ्या मुंग्या त्याच. टेबलावर कोणालाही कळायच्या आधी त्या ओळखतील, आणि तुम्ही काही न सांगता त्यांना ओळखू द्या. दुसऱ्या दिवशी त्यांना मसाल्याच्या बाजारात न्या आणि ह्वाज्यावच्या पोत्यांपाशी उभ्या करा. टरफल ठेवायचं आणि आतली काळी बी काढून टाकायची, हे त्यांना शिकवावं लागणार नाही.